न दिसलेली चेटकीण

श्रावणातल्या एका रविवारी बाहेर पावसाची झड लागली होती आणि कोठे जाण्याची सोय उरली नव्हती. तेव्हा आमच्या घरी सर्व मंडळींनी एकत्र बसून एक अमेरिकन चित्रपट पाहिला. निवड आमची नव्हती. चिरंजीवांस थोडक्या पैशांत काढलेल्या, रानावनात घडणाऱ्या थरारपटांचा नाद आहे, आणि हा एक तरी आम्ही पाहावा असा त्यांचा गेले वर्षभर लकडा होता. चित्रपट पुरा दीड तासाचाही नाही. ८१ मिनिटांत आटोपतो. तो आटोपून दिवा लावला तेव्हा खोलीत माणसे पाच होती व मते सहा झाली होती. सहावे मत आमचेच. कारण अंधारात आमचे एक मत होते आणि उजेड होताच ते पालटले.

चित्रपटाचे नाव 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'. १९९९ च्या जुलैत तो अमेरिकेत प्रकाशित झाला. कथानक थोडक्यात सांगतो. ज्या वाचकांस शेवट आधी कळलेला खपत नाही त्यांनी हे पान येथेच उलटावे, आम्हांस राग येणार नाही. मेरीलँड प्रांतात बर्किट्सव्हिल नावाचे खेडे आहे. त्याच्या आसपासच्या जंगलातील एका चेटकिणीच्या दंतकथेवर माहितीपट काढावा म्हणून १९९४ च्या ऑक्टोबरात तीन विद्यार्थी तेथे गेले व पुन्हा दिसले नाहीत. वर्षाने त्यांनी घेतलेले चित्रण तेवढे सापडले, आणि आपण पाहतो आहो ते तेच, असे प्रेक्षकांस आरंभी सांगण्यात येते. हेदर ही या त्रयीची म्होरकी. जोश व माइक तिचे सोबती. प्रथम गावकऱ्यांच्या मुलाखती होतात. मग मंडळी रानात शिरतात, वाट चुकतात, नकाशा हरवतो. रात्री तंबूभोवती आवाज होतात. सकाळी पाहावे तो बाहेर दगडांच्या लहान लहान राशी रचलेल्या. पुढे एके ठिकाणी काटक्या बांधून केलेल्या मनुष्याकृती झाडांना टांगलेल्या आढळतात. एका रात्री जोश नाहीसा होतो. अखेर उरलेली दोघे एका ओसाड घरात धावत शिरतात. तळघरात माइक कोपऱ्याकडे तोंड करून निमूट उभा असलेला क्षणभर दिसतो, हेदरची किंकाळी ऐकू येते, कॅमेरा जमिनीवर पडतो, आणि संपले. चेटकीण एकदाही दिसत नाही.

डॅनियल मायरिक व एदुआर्दो सांचेझ हे दोघे दिग्दर्शक. मध्य फ्लॉरिडा विद्यापीठात चित्रपटविद्या शिकत असता त्यांची गाठ पडली होती. त्यांची काम करण्याची तऱ्हा चित्रपटाहूनही आम्हांस अधिक नवलाची वाटली. १९९७ च्या ऑक्टोबरात त्यांनी तीन अपरिचित नटांस सेनेका क्रीक नावाच्या राखीव वनात आठ दिवस सोडून दिले. संवाद लिहिलेले नव्हतेच. प्रसंगांचा एक आराखडा तेवढा होता. चित्रण नटांनीच करावयाचे, ओझी त्यांनीच वाहावयाची. उपग्रहाच्या साहाय्याने ठिकाण दाखविणारे एक यंत्र त्यांच्यापाशी दिले होते. त्यावरून त्यांनी त्या त्या दिवशीच्या जागी पोहोचावे, तेथे ठेवलेल्या पेटीतून खाणे, विजेऱ्या व प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी घ्यावी. एकाची चिठ्ठी दुसऱ्यास दाखवावयाची नाही. भांडण काढावयाचे असल्यास ज्याने काढावयाचे त्यासच ठाऊक; बाकीचे दोघे खरोखरच चकित होत. शिधा दिवसेंदिवस कमी करीत नेला होता. रात्री दिग्दर्शक मंडळी अंधारातून येऊन आवाज करीत, लहान मुलांचे ध्वनिमुद्रित हसणे लावीत, तंबू गदगदा हलवीत. अशा रीतीने सुमारे वीस तासांचे चित्रण जमले व त्याची काटछाट होऊन हा चित्रपट तयार झाला.

मूळ चित्रणाचा खर्च ३५ ते ६० हजार डॉलरांच्या दरम्यान सांगतात. जानेवारी १९९९ मध्ये यूटा प्रांतातील सनडान्स महोत्सवात तो दाखविला गेला आणि आर्टिझन या कंपनीने तो सुमारे ११ लक्ष डॉलरांस विकत घेतला. जगभरात मिळून त्याने पुढे २४ कोटींहून अधिक डॉलर मिळविले. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. 'मूठभर पैशांत केवढे यश' असे जे नेहमी म्हटले जाते त्यात विकत घेतल्यानंतरचा खर्च कोणी धरीत नाही. ध्वनी व चित्र सुधारण्यास मागाहून लक्षावधी डॉलर लागले, आणि जाहिरातीस तर त्याच्या कितीतरी पट. आपल्याकडेही एखाद्या कमी खर्चाच्या चित्रपटाचे कौतुक होते तेव्हा हा दुसरा आकडा विचारावयास लोक विसरतात.

त्या वेळच्या अमेरिकन प्रेक्षकांची मते आता वाचताना मोठी मौज वाटते. रॉजर ईबर्ट यांच्यासारख्या मान्यवर समीक्षकाने चारांपैकी चार तारे दिले. ऑगस्टच्या एकाच आठवड्यात 'टाइम' व 'न्यूजवीक' या दोन्ही साप्ताहिकांच्या मुखपृष्ठावर हा विषय झळकला. पण चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या सामान्य प्रेक्षकांस गुण विचारून नोंदणारी सिनेमास्कोअर नावाची संस्था तेथे आहे; तिच्या पाहणीत या चित्रपटास 'सी प्लस' मिळाला. तेथील प्रेक्षक गुण देण्याच्या बाबतीत सढळ असतात, हे ध्यानी घेता आपल्या परीक्षेच्या भाषेत हा जेमतेम काठावरचा निकाल होय. एक पक्ष म्हणे, इतके भय आयुष्यात वाटले नव्हते, रात्री दिवा मालविण्याचे धैर्य झाले नाही. दुसरा पक्ष म्हणे, यात घडते काय? तीन कार्टी रानात भांडतात आणि कॅमेरा हलतो! तो कॅमेरा इतका हलतो की कित्येकांस बोट लागल्याप्रमाणे मळमळू लागे. टोरांटो येथील काही चित्रगृहांत तर ज्यांस असा त्रास होण्याचा संभव आहे त्यांनी रांगेच्या कडेला बसावे, अशी सूचना सेवक देत असत म्हणे. आमच्याकडे लहानपणी आंबोली घाटाने जाताना एस. टी. चा वाहक जे सांगे तेच हे. २००० साली या चित्रपटास लहान खर्चाच्या स्वतंत्र चित्रपटांसाठी असलेले एक मानाचे पारितोषिक मिळाले; आणि त्याच साली हेदरचे काम करणाऱ्या हेदर डॉनह्यू यांस 'वर्षातील सर्वांत वाईट अभिनेत्री' हे थट्टेचे पारितोषिकही देण्यात आले. एकाच कामावर एकाच वर्षी असे दोन निवाडे झाल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस तरी चटकन आठवत नाही.

आता आमच्या घरातील मते. चिरंजीव अर्थातच पहिल्या पक्षाचे. कन्येस चित्रपट मुळीच आवडला नाही, व तिचे कारण असे की शेवट समजला नाही. यात तिचा दोष नव्हता. सुरुवातीच्या मुलाखतींत एक गावकरी जाता जाता सांगतो की, पूर्वी एका एकांतवासी खुन्याने मुलांना जोडीजोडीने तळघरात नेले. एकाला मारताना दुसऱ्याला तो कोपऱ्याकडे तोंड करून उभे करी. शेवटच्या दृश्याची किल्ली या एका वाक्यात आहे, आणि नेमक्या त्याच वेळी कन्या सर्वांसाठी चहा आणावयास उठली होती. ही मुलाखत मागाहून चित्रित करून घातलेली आहे. पहिल्या प्रेक्षकांस शेवट उमगेना, आणि कंपनीचा तर शेवटच बदलावा असा आग्रह होता. दिग्दर्शकांनी दुसरे काही शेवट चित्रित करूनही पाहिले, परंतु ठेवला तो हाच. आमच्या मते त्यांनी योग्य केले. तथापि चहास उठलेल्या माणसाला जो चित्रपट कळत नाही तो घरी बसून पाहण्यास सोयीचा नव्हे, हे कन्येचे म्हणणेही आम्ही येथे नोंदवून ठेवतो.

आमच्या सौभाग्यवतींचे मत निराळ्याच बाजूने आले. त्या काळच्या प्रेक्षकांनी, विशेषतः पुरुष प्रेक्षकांनी, सर्व राग हेदरवर काढलेला दिसतो. ती आगाऊ, ती हुकूम सोडणारी, ती किंचाळणारी. तिच्या हट्टामुळे तिघांचा नाश झाला, असे पुष्कळांचे म्हणणे. सौभाग्यवतींनी विचारले, "नकाशा कोणी घालवला?" आणि खरोखर, नकाशा ओढ्यात लाथाडून देतो तो माइक, स्वतःच हसत हसत तसे कबूलही करतो. वाट हरवल्याचे पहिले कारण तेच. पण प्रेक्षक बाहेर पडताना माइकला विसरतात आणि हेदरचा आवाज तेवढा लक्षात ठेवतात. "काम काढणारी बाई चुकली तर तिने सर्वांना बुडवले, आणि पुरुष चुकला तर बिचारा घाबरला होता," इतके बोलून त्या आत गेल्या. आम्ही याला उत्तर देण्याचा प्रयत्न केला नाही.

दुसऱ्या दिवशी आमचे एक स्नेही आले. गेली तीस वर्षे हे गृहस्थ सह्याद्री पालथा घालीत आहेत. त्यांनीही हा चित्रपट पूर्वी पाहिला होता. त्यांच्यापुढे आम्ही जगभरच्या प्रेक्षकांचा तो सुप्रसिद्ध आक्षेप मांडला: त्यांच्यापाशी ओढा होता, मग ओढ्याच्या कडेने खाली का गेले नाहीत? पाणी कोठे तरी वस्तीला जाऊन मिळणारच. स्नेही हसले. म्हणाले, मेरीलँडच्या त्या उतरणीच्या सपाट मुलुखात ही सल्ला ठीक आहे. आपल्याकडे कोणी तिचा अवलंब करू नये. सह्याद्रीत ओढ्याने उतरू लागलात की तो तुम्हांला सरळ कड्याच्या तोंडाशी नेऊन सोडतो. तेथून पाणी खाली जाते, माणसाला जाता येत नाही, आणि निसरड्या दगडांवरून परत वर चढणेही साधत नाही. वाट चुकलेली कित्येक पोरे अशाच घळीत अडकलेली सापडतात. वाट चुकली असे वाटताच जेथे आहात तेथे बसावे, अंधारात चालू नये, हा त्यांचा नियम. आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले पावसाळ्यात गडकिल्ल्यांवर जातात त्यांनी एवढे तरी त्यांच्या कानावर घालावे म्हणून येथे मुद्दाम दिले आहे.

दुसरा आक्षेप असा की, होकायंत्र हाती असता दिवसभर दक्षिणेस चालून माणसे सकाळच्याच ओंडक्यापाशी कशी परत येतील? चित्रपटातले हे दृश्य आमच्या मातोश्रींस मात्र मुळीच अशक्य वाटले नाही. त्या म्हणाल्या, "चकवा लागला." कोकणात वाढलेल्या कोणालाही हा शब्द नवा नाही. रात्री रानातून जाणाऱ्याला चकवा भुलवतो, आणि पहाटेपर्यंत तो एकाच झाडाभोवती फिरत राहतो, हे आपण आजीच्या तोंडून ऐकलेले असते. होकायंत्र असताना असे होणार नाही, हे उघड आहे. ती चित्रपटाची अद्भुतता समजावी. पण होकायंत्र नसेल तर मात्र चकव्याची गोष्ट अगदीच निराधार नव्हे. जर्मनीतील ट्युबिंगेन येथील मॅक्स प्लांक संस्थेच्या यान सौमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषय हाती घेऊन २००९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी काही माणसांना बीनवाल्ड नावाच्या सपाट जंगलात सोडून सरळ चालत राहण्यास सांगितले, व उपग्रहाच्या यंत्राने त्यांचे मार्ग टिपले. ऊन असता माणसे जवळजवळ सरळ गेली. आभाळ भरून आले असता ज्यांना चालविले ती सर्व वर्तुळाकार फिरली. कित्येकांनी आपलीच वाट पुन्हा पुन्हा ओलांडली, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. डोळे बांधून चालविलेल्यांची वर्तुळे तर कधी कधी वीस मीटर व्यासाची, म्हणजे एखाद्या देवळाच्या आवाराएवढी झाली. सरळपणाची जी अंतःप्रेरणा आपल्याला आहे असे वाटते ती पावलागणिक थोडी थोडी चळत जाते, आणि सूर्य, चंद्र किंवा डोंगराचे शिखर यांसारखी बाहेरची खूण नसली की ती सावरली जात नाही. मातोश्रींस हे वाचून दाखविले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मग चकवाच की तो."

आमच्या दोन मतांकडे आता येतो. अंधारात बसून पाहत असता आम्ही चिरंजीवांच्या पक्षाचे होतो, हे कबूल करतो. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचे विभाव सांगताना विकृत ध्वनी, कोल्ह्याघुबडांचे ओरडणे, ओसाड घर आणि अरण्यात जाणे यांची गणना केली आहे. या चित्रपटात ते बहुतेक सर्व आहेत, आणि त्याहून अधिक काहीही नाही. पैसा नसल्यामुळे भूत दाखविता येत नव्हते. म्हणून ते प्रेक्षकाच्या मनावर सोपविले. तंबूच्या पातळ कापडापलीकडे काय आहे ते ज्याचे त्याने ठरवावे. आमचे भूत बहुधा आमच्या गावच्या परसातले होते. हे सर्व आम्हांस उत्तम वाटले व आजही वाटते.

मत पालटले ते चिरंजीवांनी पुढची हकीकत सांगितली तेव्हा. हा चित्रपट लोकांपुढे आणताना तो काल्पनिक आहे, असे सांगितले गेले नव्हते. चित्रपटापूर्वीच एक संकेतस्थळ उघडले होते. त्यावर पोलिसांची टिपणे, शोधपथकांची छायाचित्रे, दैनंदिनीची पाने. महोत्सवात हे विद्यार्थी हरवले असल्याची पत्रके वाटली होती. दूरचित्रवाणीवर चेटकिणीच्या कथित इतिहासाचा स्वतंत्र कार्यक्रम झाला. तिन्ही पात्रांस नटांचीच खरी नावे दिलेली होती, आणि चित्रपटांची माहिती देणाऱ्या एका प्रसिद्ध कोशात काही काळ त्यांच्या नावांपुढे 'बेपत्ता. मृत असावेत' असा मजकूर होता. प्रारंभी नटांस लोकांपुढे येऊ दिले नाही. मेलेली माणसे मुलाखती कशा देणार? पुष्कळ प्रेक्षक हे सर्व खरे मानूनच चित्रगृहात गेले. ही युक्तीही सर्वस्वी नवी नव्हती. रुज्जेरो देओदातो या इटालियन दिग्दर्शकाने १९८० साली अशाच 'सापडलेल्या चित्रणा'चा एक क्रूर चित्रपट काढला तेव्हा त्यातील नट जिवंत आहेत हे सिद्ध करण्याची पाळी त्याच्यावर आली होती.

चिरंजीव याला कल्पकता म्हणतात. आमची अडचण अशी. अभिनवगुप्तांनी भयानक रसाचे विवरण करताना शाकुंतलातील, राजाच्या बाणाच्या भीतीने पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. पाहणाऱ्याच्या मनात जे भय उत्पन्न होते ते त्या हरिणाचे नव्हे, पाहणाऱ्याचे स्वतःचेही नव्हे. स्थळ, काळ व व्यक्ती यांच्या बंधनातून सुटल्यामुळेच ते आस्वाद्य होते. येथे जाहिरातदारांनी नेमके उलट केले. हे गाव, ही तारीख, ही तीन नावे, हे त्यांचे चेहरे, असे एकेक बंधन त्यांनी मुद्दाम आवळले. ज्याने ते खरे मानले त्याने एका मुलीचे मरण पाहण्यासाठी तिकीट काढले होते. त्याला झाले ते भय असेल, रस नव्हे. ज्याला खोटे आहे हे ठाऊक होते त्याच्यापुढे हलणारा कॅमेरा व भांडणारी पोरे उरली, व तो कंटाळला. त्या काळच्या प्रेक्षकांत जे दोन तट पडले त्याचे एक कारण हे असावे. एकाच पडद्यावर दोघांनी दोन चित्रपट पाहिले. आमच्यासारखा, खोटे आहे हे जाणून व तरीही घाबरून पाहणारा प्रेक्षक त्या वर्षी थोडा असावा; आम्हांस ही संधी पंचवीस वर्षांच्या उशिराने मिळाली.

बर्किट्सव्हिलचे हाल तर विचारूच नयेत. दोनशेहून कमी वस्तीचे ते गाव. चित्रपटातली रानाची दृश्ये तेथली नाहीतच, ते वन निराळ्याच ठिकाणी आहे. तरीही चेटकीण शोधावयास माणसांची रीघ लागली आणि गावाच्या नावाच्या पाट्या लोक आठवण म्हणून चोरून नेऊ लागले. चेटकिणीची ती दंतकथाही दिग्दर्शकांनीच रचलेली. खेदाची गोष्ट ही की, या गावाला स्वतःची खरी हकीकत आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात १४ सप्टेंबर १८६२ रोजी गावावरच्या क्रॅम्प्टन खिंडीत लढाई झाली. गावातली चर्चे इस्पितळे झाली व तेथे जखमी सैनिक आणून ठेवले. त्या खिंडीतच पुढे १८९६ साली युद्धवार्ताहरांच्या स्मरणार्थ एक कमान उभारली, ती अद्याप आहे. खऱ्या मेलेल्यांची जागा सोडून लोक न झालेल्या मुलांची जागा विचारीत गावातून हिंडले.

मातोश्री या सर्व चर्चेत फारशा पडल्या नव्हत्या. चित्रपटाच्या उत्तरार्धात एक प्रसंग आहे. हेदर रात्री एकटी कॅमेरा तोंडाजवळ धरते. अर्धाच चेहरा दिसतो, डोळे व नाक वाहत असते. आणि ती जोशच्या आईची, माइकच्या आईची व स्वतःच्या आईची क्षमा मागते. या दृश्याची पुढे जगभर नक्कल व टवाळी झाली. आमच्या घरीही कन्येस हसू आले होते. मातोश्री मात्र तेथे पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या, आणि दिवा लागल्यावर त्यांचा पहिला प्रश्न हा, "हिच्या आईला ठाऊक होते ना, हे खोटे आहे म्हणून?"

आईस अर्थात ठाऊक होते. पण तिच्या शेजारच्यांस नव्हते. चित्रपट गाजू लागल्यावर हेदर डॉनह्यू यांच्या मातोश्रींस मुलीच्या मृत्यूबद्दल लोकांची सांत्वनपत्रे आली. मुलगी हातीपायी धड, आणि टपालात तिच्या मरणाची पत्रे. ती उघडून वाचणाऱ्या बाईची अवस्था आम्ही मनासमोर आणून पाहिली, आणि चिरंजीवांची 'कल्पकता' आम्हांस पटेनाशी झाली.

त्या तीन नटांचेही पुढे फारसे चांगले झाले नाही. मूळ मोबदला अल्प. चित्रपटाने अमेरिकेत दहा कोटी डॉलरांचा टप्पा ओलांडला तेव्हा कंपनीकडून आपल्याला फळांची एक करंडी आली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. आपली नावे व चेहरे पुढच्या भागासाठी वापरले जात आहेत हे पाहून त्यांनी कंपनीशी वाद केला व तडजोडीने काही रक्कम मिळविली. पुढे आर्टिझन कंपनी लायन्सगेट कंपनीत विलीन झाली. २०२४ च्या एप्रिलात लायन्सगेटने याच कथेवर आणखी एक चित्रपट काढण्याचे जाहीर केले, तेव्हा हेदर डॉनह्यू, मायकेल विल्यम्स व जोशुआ लेनर्ड या तिघांनी मिळून एक जाहीर पत्र लिहिले. मागील व पुढील उत्पन्नातला आपला वाजवी हिस्सा मिळावा. आपली नावे किंवा चेहरे वापरावयाचे तर आपल्याला विचारावे. आणि नव्या, अपरिचित चित्रपटकारांस पहिल्या चित्रपटासाठी दरवर्षी ६० हजार डॉलरांचे साहाय्य द्यावे. हा आकडा त्यांनी मूळ चित्रपटाच्या खर्चावरून घेतला होता. कॅमेरा ज्यांनी धरला, संवाद ज्यांनी तेथल्या तेथे रचले, अर्धपोटी राहून ज्यांनी ती आठ दिवसांची घाबरगुंडी वठविली, त्यांस ही मागणी २५ वर्षांनी करावी लागली. तिसरी मागणी वाचून आमच्या चिरंजीवांनीही थोडा वेळ मान खाली घातली होती.

हे सर्व मातोश्रींस सांगून झाले. त्यांना नटांच्या हिश्शाचे फारसे उमगले नसावे. त्यांनी पुन्हा त्या मुलीचीच चौकशी केली. तेव्हा सांगितले की, तिने अभिनय केव्हाच सोडला. नंतर एक आत्मवृत्त लिहिले. आणि ज्या नावाने लोकांनी तिला एकदा मेली म्हणून ठरविले होते ते नावही २०२० च्या सुमारास बदलून टाकले.

"पण आहे ना?"

"आहे."

"मग झाले," असे म्हणून त्यांनी जपाची माळ हाती घेतली, आणि बाहेर पुन्हा सर आली म्हणून आम्ही खिडकी लावण्यास उठलो.